गुऱ्हाळाच्या इंजिनांतील व्हॉल्व्हची फट

हुपरीच्या आसपास जेथें अद्याप डिझेल इंजिनावर चरक चालतो, तेथील बागाईतदारांस आमची सूचना आहे कीं, हंगामापूर्वी व्हॉल्व्हची फट अवश्य तपासावी.

चार स्ट्रोकच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हां कॅमशाफ्टचा एक होतो. म्हणून कॅमच्या चाकास दुप्पट दांते असतात. कॅमचा उंचवटा टॅपेट उचलतो व व्हॉल्व्ह उघडतो. तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते, यास्तव थोडी फट ठेवावी लागते. फट न राहिल्यास व्हॉल्व्ह पुरता बसत नाहीं व जळतो. फार असल्यास तो कमी उघडतो व खडखडतो.

पुस्तिकेंत वेगळें सांगितलें नसल्यास, इंजिन थंड असतां, दाबाच्या स्ट्रोकअखेर दट्ट्या वर येऊन दोन्ही व्हॉल्व्ह मिटले म्हणजे, सांगितलेल्या मापाची फिलर पट्टी घालून स्क्रू जुळवावा. नट आवळल्यावर पुन्हां मापावें.

चरकाचा पट्टा किंचित् घसरला तरी निभावतें. कॅमचें चाक मात्र खुणेस खूण मिळवूनच बसवावें. एक दांता चुकला कीं व्हॉल्व्हची वेळ चुकते. ऐन गाळपांत इंजिन थांबल्यास तोडलेला ऊस वाळतो व काढलेला रस आंबतो. तें नुकसान भरून येत नाहीं.