गाणाऱ्याचा गळा
शिकागोस गेलों असतां ब्रॉडवे व लॉरेन्स या रस्त्यांच्या नाक्याजवळील ‘ग्रीन मिल’ हें जाझ संगीताचें जुनें स्थान आम्हीं पाहिलें. अमेरिकेंत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती. तरी अल् कपोनच्या टोळीच्या आश्रयानें येथें मद्य वाहतच राहिलें. येथील गायक जो लुइस १९२७ सालीं अधिक वेतनावर दुसऱ्या क्लबांत गेला, म्हणून गुंडांनीं त्याचा गळा चिरला. तो वांचला, पुन्हां बोलावयास शिकला, विनोदी नट म्हणून नांवारूपासही आला. पण पहिला गळा गेला तो गेलाच.

आज तेथें वादन चालू असतां श्रोत्यांनीं बोलूं नये असा दंडक आहे. त्या शांततेंत आमच्या मनांत आलें : चोरट्या पेल्याचें मोल पिणाऱ्यानें नव्हे, गाणाऱ्यानें दिलें!