रिमोटची गाडी आणि बॅटरीची निवड

दिवाळीची सुट्टी लागली की अहिल्यानगरच्या बाजारपेठेत कपड्यांच्या दुकानांप्रमाणेच खेळण्यांच्या दुकानांतही गर्दी दिसू लागते. रिमोटवर धावणारी गाडी ही आता केवळ लहानग्यांची हौस राहिलेली नाही. महाविद्यालयात जाणारी मुलेही सुटे भाग जोडून वेगवान गाड्या तयार करतात. खरेदीच्या वेळी गाडीचा रंग, आकार आणि वेग यांची बारकाईने चौकशी होते. तिच्या पोटातील बॅटरीविषयी मात्र सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक गाडी किती वेळ धावेल, किती काळ टिकेल आणि तिच्यासोबत कोणती जोखीम घरात येईल, हे मुख्यतः बॅटरीवरच ठरते.

व्यापारी कुटुंबांच्या दृष्टीने हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा आहे. जुन्या पेठांमध्ये खाली दुकान आणि वर घर अशी रचना अनेक ठिकाणी आढळते. जिन्याजवळ पुठ्ठ्याची खोकी, माळ्यावर कापडाचे गठ्ठे आणि त्यांच्याच शेजारी मुलाने रात्री चार्जिंगला लावलेली बॅटरी, हे दृश्य कोठेही दिसू शकते. म्हणून बॅटरीचे प्रकार समजून घेणे हे घर आणि पेढी या दोहोंच्या हिताचे आहे.

निकेलच्या बॅटऱ्या

पुन्हा भरता येणाऱ्या बॅटऱ्यांमध्ये निकेल-कॅडमियम हा जुना प्रकार. स्वीडनचे संशोधक वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये तो शोधला. ही बॅटरी काटक खरी. पण कॅडमियम हा विषारी धातू असल्याने ती मागे पडली. तिची जागा निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीने घेतली. हिच्या प्रत्येक सेलचा दाब १.२ व्होल्ट असतो. सहा सेल जोडून होणारा ७.२ व्होल्टचा संच हा रिमोटच्या गाड्यांमधील परिचित संच होय.

ही बॅटरी वजनाने जड असते आणि वापरात नसतानाही हळूहळू उतरत जाते. तथापि हाताळणीतील लहानसहान चुका ती बऱ्यापैकी सोसते आणि तिला आग लागण्याचा धोका लिथियमच्या तुलनेत पुष्कळच कमी असतो. नवशिक्या मुलासाठी हीच निवड योग्य ठरते.

लिथियम पॉलिमर : वेगासोबत शिस्त

सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी प्रथम बाजारात आणली. तिच्याच कुळातील, मऊ पाकिटात बंद केलेला प्रकार म्हणजे लिथियम पॉलिमर, अर्थात ‘लिपो’. एक किलो वजनामागे निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी साधारण ६० ते १०० वॉट-तास ऊर्जा साठवते, तर लिपो साधारण १५० ते २००. म्हणूनच शर्यतीच्या गाड्यांमध्ये लिपोला पसंती मिळते.

हा वेग शिस्त मात्र मागतो. लिपोच्या सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट असतो. भरताना तो ४.२ च्या वर जाऊ देऊ नये आणि वापरताना ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. संचातील प्रत्येक सेल समान भरणारा बॅलन्स चार्जर तिला आवश्यक असतो. निकेलसाठीचा चार्जर लिपोला लावणे ही गंभीर चूक होय. बॅटरी फुगली, आपटून दबली किंवा तिला छिद्र पडले, तर ती पुन्हा वापरू नये. काही दिवस गाडी चालवायची नसेल, तर प्रत्येक सेल सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावा. पूर्ण भरलेली अथवा पूर्ण उतरलेली लिपो कपाटात ठेवून देऊ नये.

लिथियम आयर्न फॉस्फेट

या दोहोंमधील मार्ग म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. हिच्या सेलचा दाब सुमारे ३.२ व्होल्ट असतो, त्यामुळे दोन सेलच्या लिपोपेक्षा दोन सेलच्या या बॅटरीवर गाडी काहीशी संथ धावते. परंतु फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असल्याने तापल्यावर ती सहजासहजी पेट घेत नाही. शिवाय हजाराहून अधिक वेळा ती भरता येते. चार्जर मात्र याच प्रकाराला अनुरूप असावा.

हीच बॅटरी आता विजेच्या वाहनांमध्ये आणि घरगुती इन्व्हर्टरमध्येही आली आहे. अहिल्यानगरकरांना हा विषय परका नाही. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची, ‘व्हीआरडीई’ या नावाने ओळखली जाणारी वाहन संशोधन संस्था याच शहरात आहे आणि लष्करी वाहनांप्रमाणे नागरी वाहनांच्याही चाचण्या तेथे होतात. २०२२ मध्ये विजेच्या दुचाकींना आगी लागल्याच्या घटनांनंतर केंद्र शासनाने बॅटरी-चाचणीचे नियम कडक केले. दुचाकीच्या बॅटरीबाबत जी काळजी देश घेतो, तिचा अंश तरी घरातील खेळण्याच्या वाट्याला यायला हवा.

आकड्यांचा हिशेब

बॅटरीवर ‘एमएएच’ आणि ‘सी’ अशी दोन मापे छापलेली असतात. पहिले साठ्याचे, दुसरे तो साठा किती झपाट्याने देता येईल याचे. ५००० एमएएच म्हणजे ५ अँपिअर-तास. त्या बॅटरीवर ‘२० सी’ लिहिले असेल, तर ती ५ गुणिले २०, म्हणजे १०० अँपिअरपर्यंत प्रवाह देऊ शकते. गाडीची मोटर सरासरी १५ अँपिअर घेत असेल, तर ३००० एमएएचची बॅटरी सुमारे १२ मिनिटे चालेल आणि ५००० एमएएचची सुमारे २० मिनिटे. भरताना मात्र घाई नको. बनवणाऱ्याने वेगळे सांगितले नसेल, तर ५००० एमएएचच्या लिपोला ५ अँपिअरहून अधिक प्रवाह देऊ नये.

घरातील नियम

चार्जिंग फरशीवर, पडदे, गाद्या आणि मालाच्या गठ्ठ्यांपासून दूर करावे. मोठे माणूस जागे आणि जवळ असतानाच ते करावे; रात्रभर लावून ठेवू नये. गाडी खेळून आली की बॅटरी आधी थंड होऊ द्यावी. नगरच्या उन्हाळ्यात बंद मोटारीत किंवा पत्र्याच्या खोलीत बॅटरी विसरू नये, कारण उष्णतेने तिचे आयुष्य घटते आणि धोका वाढतो. धूर दिसताच प्रथम माणसांना बाहेर काढावे आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे.

निकामी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकणे योग्य नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर असून ग्राहकाने त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवायच्या आहेत. टोकांना चिकटपट्टी लावून त्या संकलन केंद्रात द्याव्यात.

दुकानदाराचा प्रश्न

१ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. खेळणी विकणाऱ्या कुटुंबांनी चिन्ह नसलेला स्वस्त माल नाकारावा, हे उघडच आहे. पण तेवढ्याने कर्तव्य पुरे होत नाही. गिऱ्हाईक ‘सर्वांत वेगवान कोणती?’ असे विचारील, तेव्हा विक्रेत्याने शांतपणे विचारावे : ‘ही बॅटरी घरी भरणार कोण?’ उत्तर दहा वर्षांचा मुलगा असे असेल, तर निकेल-मेटल हायड्राइडची गाडी पुढे ठेवावी. शिकलेला, सावध तरुण असेल, तर लिपोसोबत योग्य चार्जरही द्यावा आणि दोन मिनिटे देऊन नियम समजावून सांगावेत. त्या दिवशी विक्री कदाचित थोडी कमी होईल. पण ज्या घरात ती गाडी जाईल, ते घर पुढच्या दिवाळीतही निर्धास्तपणे त्याच दुकानाची पायरी चढेल.