आगीने राखलेले माळरान

इंग्लंडच्या उमरावांनी अठराव्या शतकात आपापल्या हवेल्यांभोवती जी विस्तीर्ण उपवने रचली, त्यांचे वैशिष्ट्य असे की मनुष्याचा हात तेथे कोठेही दिसू नये, एवढ्यासाठीच शेकडो हात तेथे राबत असत. लॅन्सलॉट ब्राउन या उपवनरचनाकाराने ब्लेनहाइमच्या उपवनात ग्लाइम नदी बांध घालून तुंबवली, आणि त्या सरोवराला आजचा प्रेक्षक सृष्टीचीच कृती समजतो.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील ईडन प्रेरी या नगराला हवेलीही नाही आणि उमरावही नाहीत. १८५१ च्या तहांनी डकोटा लोकांचा हा मुलूख सरकारजमा झाला, व पुढल्याच वर्षी एलिझाबेथ एलेट या लेखिकेने येथील गवताळ भूमी पाहून तिला नंदनवनाचे नाव दिले. परंतु त्या बाईंना जे निसर्गाचे दान वाटले, ते बऱ्याच अंशी डकोटांनी पिढ्यान्‌पिढ्या लावलेल्या आगींनी राखलेले होते. वसाहतवाल्यांनी आग थांबवली, नांगर घातला. जॉन कमिन्स याने १८८० च्या सुमारास बांधलेले विटांचे घर आज नगराच्या मालकीचे असून, त्याच्या आवारातील पिओनीची फुले ही नांगरानंतरच्या काळाची नीटनेटकी आठवण आहे. मिनेसोटात मूळच्या सुमारे १ कोटी ८० लाख एकर माळरानापैकी आता शेकडा एक-दोनच उरले आहे.

मिनेसोटा नदीवरच्या कड्यांवर, रिचर्ड अँडरसन संरक्षित क्षेत्रात, नगराने आगीला पुन्हा चाकरीत घेतले आहे. कोकणात राब भाजणाऱ्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. वारा व हवेतील आर्द्रता पाहून प्रथम वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने संथ आग सोडतात, म्हणजे जळालेल्या काळ्या पट्ट्याशी येऊन पुढची ज्वाला आपोआप विझते. ब्लूस्टेम गवताचे अंकुर जमिनीखाली सुरक्षित असतात व मुळे दोन-तीन मीटर खोल गेलेली असतात, म्हणून ते वाचते. तांबडा सीडर वृक्ष मात्र एकदा होरपळला की पुन्हा फुटत नाही, आणि काळी पडलेली माती सूर्याची ऊब लवकर घेत असल्याने गवताला वसंतात आघाडी मिळते. माझ्या मते ब्राउनच्या सरोवरापेक्षा ही कारागिरी अधिक प्रामाणिक आहे, कारण येथे मनुष्याचा हात लपवण्याचा प्रयत्नच नाही. धूर सर्वांना दिसतो.

तथापि आगीलाही मर्यादा आहे. युरोपातून कुंपणासाठी आणलेला बकथॉर्न, ज्याने आता ओकच्या रानांत ठाण मांडले आहे, बुंध्यापासून पुन्हा फुटतो. तेव्हा करवत चालवून कापलेल्या खोडावर लगोलग तणनाशक लावावे लागते, आणि जमिनीत पडलेले त्याचे बी पुढची काही वर्षे उगवत राहात असल्याने ते काम फिरून फिरून करावे लागते.