सहल उत्तन-गोराईची : मौज हवी, मद्य नको

आषाढ संपत आला की भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोटारसायकली आणि गाड्यांची रांग लागते. श्रावण पाळायचा, म्हणून त्याआधी एकदा मनसोक्त 'बसून' घ्यायचे, असा सगळ्यांचा हिशेब असतो. पंचांगात या अमावास्येचे नाव दीप अमावास्या. घरातले दिवे घासूनपुसून ते पाटावर मांडायचे, कणकेचे दिवे करायचे आणि येणाऱ्या श्रावणाचे स्वागत करायचे, असा हा दिवस. लोकांच्या तोंडी मात्र तो 'गटारी' म्हणूनच आहे.

उत्तन, पाली, चौक, डोंगरी, गोराई, मनोरी या पट्ट्याला जुने लोक आजही धारावी बेट म्हणतात. एका बाजूला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, दक्षिणेला मनोरीची खाडी. मुंबईच्या इतक्या जवळ इतकी मोकळी हवा दुसरीकडे नाही. त्यामुळे गटारी असो, होळी असो की ३१ डिसेंबर, पाहुण्यांची रीघ इकडेच लागते. सहलीला यावे, जरूर यावे. परंतु सहल म्हणजे बाटली हे समीकरण आरोग्याच्या दृष्टीने महाग पडते. त्याची कारणे आणि त्यावरचा उपाय, दोन्हींचा आज विचार करू.

अमावास्येचा समुद्र

अमावास्या आणि पौर्णिमा या दिवशी, तसेच त्यानंतर एक-दोन दिवस, समुद्राला उधाण असते. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर भरतीचे पाणी साडेचार मीटरच्या वर चढलेले अनेकदा आढळते. आपल्या किनाऱ्यावर उधाणाची ही मोठी भरती दुपारी बारा ते दोनच्या सुमारास येते. सहलीचे वेळापत्रक आठवून पाहा. सकाळी पोहोचायचे, अकरा वाजता ग्लास भरायचे आणि दुपारी जेवणाआधी पाण्यात उतरायचे. म्हणजे डोके सर्वात जड असते, नेमकी तीच वेळ समुद्र सर्वात वर येण्याची असते. त्यानंतर ओहोटी लागते आणि पाणी बाहेरच्या दिशेने जोराने ओढू लागते.

कोळी बांधवांचे शहाणपण येथे ध्यानात घ्यावे. सरकारी नियमाप्रमाणे यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि परंपरेप्रमाणे नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा झाल्याशिवाय होडी लोटत नाहीत. समुद्रात आयुष्य काढलेला माणूस थांबतो आणि दीप अमावास्येला, म्हणजे नारळी पौर्णिमेच्या साधारण पंधरा दिवस आधी, शहरातला पोहता न येणारा पाहुणा पाण्यात शिरतो. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, तेव्हा बुडणाऱ्याच्या मदतीला कोण धावणार?

मद्याचा पहिला परिणाम हातापायांवर होत नाही, तो विचारशक्तीवर होतो. 'मला काही होत नाही' ही भावना हेच त्याचे पहिले लक्षण. मग तोल जातो, अंतराचा अंदाज चुकतो, प्रतिक्रिया मंदावते. कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावल्याने अंगाला ऊब वाटते, प्रत्यक्षात शरीरातील उष्णता बाहेर पडत असते. अशा अवस्थेत गुडघाभर पाण्यात आलेली एक लाटही माणसाला आडवे करण्यास पुरते.

एका बाटलीचा हिशेब

'आम्ही दारू नाही, फक्त बिअर घेतो' असे अनेकजण अभिमानाने सांगतात. हिशेब करून पाहू. ८ टक्के मद्यार्काच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ५२ मिलिलिटर, म्हणजेच जवळपास ४१ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या एका पेगात तो सुमारे १० ग्रॅम असतो. म्हणजे एक बाटली म्हणजे चार पेग झाले.

यकृत हा मद्यार्क आपल्या गतीने जाळते. ही गती तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम एवढीच असते. म्हणजे एका बाटलीचा निचरा होण्यास चार ते सहा तास लागतात. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ किंवा उलटी काढणे यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही. दुपारी दोनला बाटली संपवून चार वाजता गाडीला किक मारणारा 'उतरली आता' असे म्हणतो, पण ती उतरलेली नसते. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. उत्तन-भाईंदर मार्गावरील वळणे आणि पावसाची निसरड विचारात घेतली तर दंड ही त्यातली सर्वात स्वस्त शिक्षा म्हणावी लागेल.

एरवी न पिणारा माणूस सुटीच्या दिवशी एकदम खूप पितो, तेव्हा त्याच्या हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. १९७८ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी या प्रकाराला 'हॉलिडे हार्ट' असे नावच दिले. कर्करोगाशी असलेला मद्याचा संबंध १९८८ पासून मान्य झालेला आहे आणि जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मद्याचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही, असे स्पष्ट केले.

स्वस्तात मिळणाऱ्या बेकायदा दारूचा धोका याहून भयंकर आहे. मनोरीच्या खाडीपलीकडे मालाडच्या मालवणी भागात जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. अशा दारूतील मिथेनॉल काही तासांनी आपले रूप दाखवते. पोटात दुखणे, उलट्या, धाप आणि डोळ्यांपुढे धुके ही त्याची लक्षणे. ती दिसताच रुग्णालय गाठावे. झोपून बरे वाटेल म्हणून थांबल्यास दृष्टी जाते, जीवही जातो.

मग दिवसभर करायचे काय?

हा प्रश्न रास्त आहे. 'पिऊ नका' एवढे सांगून भागत नाही, कारण रिकामा वेळच बाटलीकडे नेतो. सुदैवाने या परिसरात दिवस अपुरा पडेल एवढे पाहण्यासारखे आहे.

सकाळ : दिवसाची सुरुवात उत्तनच्या बंदरावर करावी. मासेमारीच्या हंगामात नौका लागण्याची गडबड आणि पावसाळा संपल्यावर बांबूच्या दांड्यांवर वाळत घातलेले बोंबील पाहण्यासारखे असतात. तेथून चौकच्या टेकडीवर चालत जावे. येथेच धारावीचा किल्ला होता. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत १७३९ मध्ये तो मराठ्यांनी घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात समोरच्या वसईच्या किल्ल्यानेही शरणागती पत्करली. टेकडीवरून खाडीचे मुख न्याहाळताना हा किल्ला का महत्त्वाचा होता, ते मुलांनाही न सांगता कळते. चढ-उताराच्या वाटेवर तासभर भरभर चालणे हा हृदयाला उत्तम व्यायाम आहे.

दुपार : समुद्रावर कडक ऊन किंवा धो-धो पाऊस असतो, तेव्हा गोराईच्या ग्लोबल विपश्यना पॅगोडात जावे. ८ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे आठ हजार साधक बसू शकतील एवढा त्याचा घुमट एकाही खांबाविना उभा आहे. प्रवेशास शुल्क नाही. येणाऱ्या पाहुण्यांना आनापान ध्यानाची, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याची, थोडक्यात ओळख करून देण्याची सोय तेथे आहे. ताण घालविण्यासाठी पितो असे म्हणणाऱ्यांनी ती दहा मिनिटे एकदा अवश्य अनुभवावी.

संध्याकाळ : धारावी देवीचे देऊळ, डोंगरीचे जुने चर्च, उत्तनचे वेलंकनी मातेचे तीर्थस्थान यांपैकी जे भावेल तेथे जावे. कुटुंब बरोबर असेल तर दुसरा बेत आखता येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या भाईंदर-वसई रो-रो बोटीने खाडी ओलांडून वसईचा किल्ला पाहून यावा. बोटीच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला घोडबंदरचा किल्लाही जवळच आहे.

खाण्यापिण्याचेही नियोजन असावे. मद्य लघवीचे प्रमाण वाढवून शरीरातील पाणी कमी करते. शहाळे, कोकम सरबत, सोलकढी, ताक ही पेये ते भरून काढतात. ताडगोळ्यांच्या दिवसांत ताडगोळे आहेतच. ताज्या माशांचे कालवण आणि भाकरी यांच्या जोडीला बाटली लागते, हा समज आहे. जिभेची चव शाबूत असेल तरच त्या माशाची गोडी कळते. जेवणानंतर पत्ते, अंताक्षरी, ओहोटीच्या घट्ट वाळूवर कबड्डी किंवा लगोरी असा कार्यक्रम ठेवावा. पूर्वीच्या सहली याच बळावर रंगत असत.

मित्र आग्रह करतात तेव्हा

बहुतेकजण पहिला घोट स्वतःच्या इच्छेने घेत नाहीत, आग्रहाने घेतात. म्हणून नकार आधीच ठरवून न्यावा. 'आज गाडी माझ्याकडे आहे' हे वाक्य सर्वांत सोपे. 'औषध चालू आहे' हेही चालते आणि अनेकदा ते खरेही असते. मधुमेह, फेफरे, झोप किंवा रक्त पातळ करण्याची औषधे घेणाऱ्यांना मद्य घातक ठरू शकते. हातात शहाळे किंवा सरबताचा ग्लास असला की आग्रह निम्मा कमी होतो. ज्यांनी दारू सोडून थोडेच महिने झाले आहेत, त्यांनी अशा टोळक्याबरोबर जाऊच नये. त्या दिवशी कुटुंबाबरोबरचा बेत आखावा. त्यांना आग्रह करणाऱ्या मित्रांनीही लक्षात ठेवावे की, तो एक ग्लास त्या माणसाच्या घरची कित्येक महिन्यांची मेहनत पुसून टाकतो.

रोज लागणाऱ्यांसाठी सूचना

ज्यांना वर्षानुवर्षे रोज भरपूर पिण्याची सवय आहे, त्यांनी हा लेख वाचून एका दिवसात एकदम बंद करू नये. हात थरथरणे, दरदरून घाम, झोप उडणे अशी लक्षणे काही तासांत सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत झटके आणि त्यानंतर भ्रमही होऊ शकतो. ही अवस्था जीवघेणी ठरू शकते, मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधांनी ती टाळता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या 'मुक्तांगण'सारख्या संस्थांनी हजारो घरे सावरली आहेत. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, एवढे घरच्यांनी मनात पक्के धरावे.

सहलीला निघताना

१. भरती-ओहोटीच्या वेळा पाहूनच बेत आखा. पावसाळ्यात पाण्यात उतरू नका.

२. प्रत्येक गाडीमागे एकाने अजिबात न पिण्याची जबाबदारी घ्या. नाहीतर भाईंदर स्थानकावरून बसने जा.

३. कोणी पिऊन बेशुद्ध पडला तर त्याला एका कुशीवर वळवा, एकटे सोडू नका. तोंडात ताक, लिंबूपाणी काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

४. बाटल्या किनाऱ्यावर फोडू नका. त्या काचा दुसऱ्या दिवशी अनवाणी चालणाऱ्या कोळणीच्या पायात जातात.

दीप अमावास्येला घरोघरी दिवे लागतात. संध्याकाळी सहलीहून परतलेला मुलगा, भाऊ किंवा नवरा धडधाकट पावलांनी उंबरठा ओलांडून आत आला की त्या दिव्यांचा उजेड खऱ्या अर्थाने घरात पडतो.