‘हजर’ म्हणून झाल्यावर

वरंधच्या आसपासच्या वाडीतलं पोर चौथीपर्यंत तरी शाळेत सगळ्यांच्या ओळखीचं असतं. जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेतल्या बाईंना माहीत असतं, कोणाचा बाप मुंबईला आहे, कोण आजीकडे राहतं, कोणाला पावसात ओढा ओलांडून यावं लागतं. मग हायस्कूल येतं. भरलेला वर्ग, दर तासाला वेगळे सर, आणि एसटी चुकली की पहिला तास गेलाच. पोर तिथे हळूच हरवतं. रोज ‘हजर’ म्हणूनसुद्धा!

अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांत यावर ‘अ‍ॅडव्हायझरी’ असते. एका शिक्षकाकडे मोजकी मुलं, ठरलेला वेळ, बऱ्याचदा काही वर्षं तोच गट. त्या वेळात धडा नाही, मार्क नाहीत. फक्त विचारपूस.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. उच्च प्राथमिक शाळांत ‘मीना-राजू मंच’ असतो. मार्च २०२२च्या शासन निर्णयाने शाळाशाळांत ‘सखी सावित्री समिती’ आली. तिच्यात शिक्षिका, पालक, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, विद्यार्थीसुद्धा. पण समितीची बैठक होते, आणि मुलगी बैठकीत बोलत नाही. रोज तिचा डबा बघणाऱ्या बाईंशी बोलते.

२२ जुलै २०२१ला आमच्याच महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली, ८०हून जास्त माणसं गेली. अजूनही पावसाने जोर धरला की डोंगराखालच्या वाड्यांत झोप लागत नाही. सकाळी वर्गात पेंगणारा मुलगा आळशी आहे की रात्रभर जागा होता, हे कळायला सरांना त्याची वाडी माहीत असावी लागते.

दहावीनंतरचंही तसंच. अकरावीला महाड गाठायचं, आयटीआय करायचं, एमआयडीसीत लागायचं की काकाकडे मुंबईला जायचं? हे बरेचदा गणपतीला आलेल्या चाकरमान्यांसमोर ठरतं. त्याआधी सरांशी एकदा बोलणं झालेलं असलं, तर पोराला निदान स्वतःचं मत तरी असेल.

माझ्या कॉलेजातही ‘मेंटॉर’ होते. तीन वर्षांत एकदा भेटले, फॉर्मवर सही घ्यायला. शाळेत नुसता एक तास वाढवला तर त्याचाही फॉर्मच होणार, कारण शिक्षकांच्या मागे ऑनलाइन माहिती भरण्याचं शुक्लकाष्ठ आधीच आहे. तेव्हा आधी काहीतरी कमी करा. शनिवारी सकाळची शाळा असते, तिचा शेवटचा तास यासाठी सोडता येईल.