साब ९०० टर्बो : वाढीव दाबाची पूर्वतयारी

स्वीडनच्या साब कंपनीने १९७७ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात १४५ अश्वशक्तीची ९९ टर्बो मांडली. परंतु पुढे पेर गिलब्रांड यांच्या कल्पकतेतून ९०० टर्बोला जी एपीसी नामक व्यवस्था लाभली, ती मला यंत्रविद्येतील विवेकाचा परमोत्कर्ष वाटते. इंजिनावरील सेन्सरला नॉकिंगची, म्हणजे सिलिंडरमधील मिश्रणाच्या अवेळी स्फोटाची, चाहूल लागताच सोलेनॉइड व्हॉल्व्हला हुकूम जातो, वेस्टगेट उघडते, आणि एक्झॉस्टचा काही भाग टर्बाइनला वळसा घालून निघून गेल्याने टर्बोचा दाब आपोआप उतरतो.

या गाडीचा मूळ दाब वाढवू इच्छिणाऱ्याने वेस्टगेटच्या ॲक्च्युएटरची सळई निरखून पाहावी : टोकाच्या आट्यांवर तिची लांबी किंचित घटवली, की आतल्या स्प्रिंगचा ताण वाढतो आणि वेस्टगेट अधिक दाबाला उघडते. बूस्ट गेज जोडल्याखेरीज मात्र तिथे पाना लावू नये.

दाबलेली हवा तापते, तापलेली हवा नॉकिंगला निमंत्रण देते, आणि वाढीव हवेच्या प्रमाणात पेट्रोल न पोचल्यास मिश्रण विरळ होऊन पिस्टन वितळण्यापर्यंत मजल जाते. सबब इंटरकूलर (सुरुवातीच्या आठ व्हॉल्व्हच्या गाड्यांना तो नव्हताच), उच्च ऑक्टेनचे इंधन आणि मिश्रण दाखवणारा वाइडबँड गेज यांची तजवीज आधी व्हावी, असा माझा आग्रह आहे. काही मंडळी एपीसीला बगल देऊन साधा ब्लीड व्हॉल्व्ह बसवतात. नॉकिंग ओळखून दाब उतरवणारी यंत्रणाच त्यामुळे निकामी होते, म्हणून ही रीत मला सर्वस्वी अमान्य आहे.