आमच्या मुली मोबाइलवर काय बघतात?

आम्ही विश्रांतवाडीच्या बचत गटाच्या बाया. गेल्या महिन्याच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही मिटली, आणि आमच्यातल्या एक ताई रडायलाच लागल्या. त्यांची नववीतली मुलगी रात्री पांघरुणात मोबाइल घेऊन ‘जपानी प्रेमाची कार्टून’ बघते. ताईंनी मोबाइल काढून घेतला, तेव्हापासून मुलगी धड बोलत नाही. ती बघते काय, हे मात्र ताईंनी पाहिलं नव्हतं. आम्हीही कुणी पाहिलं नव्हतं. मग ठरलं, आधी बघू, मग रागावू.

जपानमध्ये चित्रकथेला मांगा म्हणतात आणि मुलींसाठी असते ती शोजो मांगा. पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं. डोळे मोठाले, मागे फुलंच फुलं, आणि मुलीच्या मनातलं बोलणं पानभर पसरलेलं. सुरुवातीला या मुलींच्या गोष्टीसुद्धा बहुतेक पुरुषच काढायचे. 1970च्या सुमाराला तरुण बाया पुढे आल्या. त्यातल्या मोतो हागिओ आणि केइको ताकेमिया या दोघींनी तोक्योत भाड्याचं घर घेतलं. बाकीच्या चित्रकार मुली तिथे यायच्या, राहायच्या, एकमेकींची पानं पुरी करून द्यायच्या. आम्हाला तर आमची पापड लाटायची खोलीच आठवली! 1972 साली रियोको इकेदा यांनी ‘व्हर्सायचा गुलाब’ सुरू केली. त्यातली ऑस्कर मुलासारखी वाढवलेली मुलगी, राजवाड्याच्या पहारेकऱ्यांची सरदार. या कथेचं नाटक झालं, 1979मध्ये टीव्हीवर कार्टून मालिकाही आली.

ताईंची मुलगी बघत होती ती गोष्ट योको कामिओ यांची, 1992 साली ‘मार्गारेट’ या मुलींच्या मासिकात सुरू झालेली. नाव ‘हाना योरी दांगो’. जपानीत ही म्हणच आहे, फुलांपेक्षा खायचे गोळे बरे. आपलं ‘आधी पोटोबा मग विठोबा’ तसंच काहीसं. लेखिकेने अक्षरं बदलून गोळ्यांच्या जागी ‘मुलगे’ असा अर्थ आणला आहे. साध्या घरची मुलगी श्रीमंतांच्या शाळेत जाते. तिथल्या चार बड्या मुलांनी एखाद्याला लाल चिठ्ठी दिली, की सगळी शाळा त्याला छळते. ही मुलगी त्यांच्या म्होरक्याला उलट मारते. तिचं नाव त्सुकुशी, म्हणजे पडीक जमिनीतही उगवणारं एक तण. पुढे तोच म्होरक्या तिच्या प्रेमात पडतो.

या कथेवरून 2001मध्ये तैवानात, 2005मध्ये जपानात आणि 2009मध्ये कोरियात मालिका निघाल्या. कोरियातल्या मुलीचं नाव जानदी, म्हणजे हिरवळ, आणि तिच्या आईवडिलांचं कपडे धुण्याचं दुकान. 2014मध्ये एमटीव्हीवर आलेल्या ‘कैसी ये यारियां’तही अनेकांना हीच सावली दिसली. देश बदलला की शाळा, घर, जेवण बदलतं, पण गरीब मुलीची मान ताठच राहते. मुलींना ती का आवडते हे आम्हाला तिथेच कळलं.

आता खटकलं ते सांगतो. कोरियन मालिकेत तो मुलगा माणसं पाठवून तिला उचलून आपल्या बंगल्यावर नेतो, तिला विचारल्याशिवाय नटवतो. गाणं असं वाजतं की बघणारी म्हणेल, किती प्रेम! आमच्यातली एरवी गप्प असणारी एक मावशी म्हणाली, “अगं, हे तर पळवून नेणं झालं.” मुली हसल्या. मग एक म्हणाली, “पण तो शेवटी सुधारतो ना.” मावशी म्हणाली, “माझ्याबद्दलही माझी आई हेच म्हणायची.”

त्यानंतर कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने ताईंची मुलगीच बोलली. क्लासच्या रस्त्यावर एक मुलगा रोज सायकल आडवी घालतो. तो आवडत असेल म्हणून असं करतो, असं मैत्रिणी सांगतात. घरी बोलली असती तर क्लास बंद झाला असता, म्हणून ती गप्प होती. रात्री पांघरुणात ती त्या गोष्टीत उत्तर शोधत होती की काय, कोण जाणे.

क्लास बंद केला नाही. आमच्यातल्या दोघी आठवडाभर त्या वेळेला त्या रस्त्यावर उभ्या राहिल्या. मुलींनी 1098 हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला. आणि मोबाइल ताईंनी परत दिला, फक्त आता तो स्वयंपाकघरात, भाजी निवडताना चालू असतो. ताई सध्या अकराव्या भागावर आहेत, आणि पुढचं सांगू नका म्हणून आम्हालाच दटावतात.